गिनतीवाली बाई

दुपारी फोन आला. आवाज कोवळा, बहुतेक पहिलीच नोकरी.
"मॅडम, आप रात को दो से चार मछलियाँ देखती हैं ना?
हमारे पास समुद्रवाला पॅक है, पहला महीना फ्री."
मी गॅस बारीक केला.
सुदामानगरातल्या या दोन खोल्यांत
रात्री दोनला कोण जागं असतं
हे भिंतीपलीकडच्या दाणींनाही माहीत नाही.

मासे मला आवडत नाहीत.
ताटातले नाहीत, काचेतले नाहीत.
मासे दिगंबररावांसाठी आहेत.
हल्ली अंधारात त्यांना घर ओळखू येत नाही,
"आपली गाडी किती वाजता?" म्हणत
चपला घालून पलंगावर बसून राहतात.
मग मी आवाज बंद करून तो निळा चॅनेल लावते.
एक चपटा मासा डावीकडून उजवीकडे जातो,
ते मान वळवतात.
तो परत येतो.
ते परत मान वळवतात.
पावणेचारच्या सुमारास चपला खाली पडतात,
आधी एक, मग बऱ्याच वेळानं दुसरी.

डब्याच्या वहीत: महिला, पासष्टच्या वर, जलचरांची आवड.

डबा बसवायला आला होता तो पोरगा घाईत होता.
पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं, संपतच नव्हती.
"आंटी, बस ओके दबा दो."
मी चष्मा शोधेपर्यंत
त्यानंच दाबलं, माझ्या अंगठ्यावर त्याचा अंगठा ठेवून.

मोजणी मलाही ठाऊक आहे.
एक्क्याण्णव साली मल्हारगंजच्या शाळेतून
जनगणनेला धाडलं होतं मला,
कापडी पिशवी, दोन पेनं, त्यातलं एक गळकं.
गल्लीतली पोरं ओरडायची, गिनतीवाली बाई आली!
कुणी पाणी दिलं, कुणी कुत्रं सोडलं,
एकीनं वय असं सांगितलं
की तिचा थोरला तिच्याहून नऊच वर्षांनी लहान.
लिहिलं तसंच.
जूनी इंदूरच्या एका जिन्यावर मात्र
माणसं किती विचारल्यावर
एक बाई आधी चार म्हणाली, मग तीन,
मग पदराचं टोक पिळत,
"चौथा लिहू नका, बाई. येतो कधीकधी."
मी पेनाला टोपण लावलं.
नळाला पाणी किती वेळ येतं, विचारलं.
ते फॉर्मात नव्हतं.
त्या घरापुरता तो माणूस
कुठल्याच आकड्यात नाही अजून.
देशाचं काही अडलेलं दिसत नाही.

सकाळी कचऱ्याची गाडी येते.
ओलं वेगळं, सुकं वेगळं, जुन्या गोळ्यांची पाकिटं वेगळी.
या शहरात सालींचीही झडती होते,
आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान आहे.
पण माझी रात्र कुठल्या पेटीत पडते?
कोण निवडतं ती?

फोनवरच्या मुलीला विचारलं, नाव काय गं तुझं?
ती जरा थांबली.
"सॉरी मॅडम, नाम बताना अलाउड नहीं है."

आज त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल टाकला.
जाळीतून लाल ठिपका दिसतोच.
दोन वाजले. दिगंबरराव उठून बसले,
पायात एकच चपला,
माशाकडे न बघता ठिपक्याकडे बघत राहिले.
"कोण आलंय?"
कोणी नाही म्हणणार होते.
म्हटलं, "गिनतीवाले."
"एवढ्या रात्री?" म्हणाले, आणि थोड्या वेळानं,
"पाणी विचारलंस का त्यांना?"

मी उठले. तांब्या भरला.
आता हातात धरून उभी आहे.